बंद खातें आणि अडलेलें देणें

अशोकस्तंभापासून निघून गंगापूरच्या धरणाकडे जाणारा आमचा गंगापूर रोड आतां दुकानांच्या व बँकांच्या पाट्यांनीं भरून गेला आहे. शाळेंत येतां-जातां आमच्या विद्यार्थ्यांस ह्या पाट्या नित्य दिसतात. परंतु त्या पाट्यांच्या आड काय व्यवहार चालतो, आणि एखादी पाटी एके दिवशीं अचानक उतरली तर आपल्या पैशांचें काय होतें, हें मुलांस तर नाहींच, पण कित्येक पालकांसहि नीट ठाऊक नसतें. हें अज्ञान किती जाचक होऊं शकतें, तें आम्हीं सन २०२१ च्या जून महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलें, आणि त्या अनुभवामुळेंच हा लेख लिहिण्याचें योजिलें.

त्या दिवसांत महामारीमुळें शाळेचीं दारें बंद होतीं व वर्ग मोबाइलच्या पडद्यावर चालत. दहावींत गेलेली आमची एक हुशार विद्यार्थिनी लागोपाठ चार दिवस पडद्यावर दिसली नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, तिच्या वडिलांनीं शाळेच्या फीबद्दल दिलेला चेक परत आला होता, आणि त्याच आठवड्यांत तिच्या शिष्यवृत्तीची रक्कमहि ‘खातें बंद’ अशा शेऱ्यानिशीं परत गेली होती. वडील फुलांचा व्यापार करणारे, सचोटीचे गृहस्थ. ज्या शाखेंत त्यांचें खातें होतें, तिची पाटी उतरलेली त्यांनीं पाहिली होती. त्याच सुमारास शहरांतील एका सहकारी बँकेंतून ठेवीदारांस पैसे काढतां येत नाहींत, ही गोष्ट घरोघर बोलली जात होती. ह्या दोन गोष्टी त्यांच्या मनांत एक झाल्या. बँक बुडाली, पैसे गेले, आणि शाळेंत आपली अब्रूहि गेली, असें समजून ते गृहस्थ घरांत बसून राहिले. बापाची मान खालीं गेलेली पाहून मुलीनें वर्गास येणें सोडलें.

आम्ही त्यांस बरोबर घेऊन चौकशीस गेलों. अर्ध्या तासांत सर्व उलगडा झाला. त्यांची बँक बुडाली नव्हती. ती दुसऱ्या मोठ्या बँकेंत विलीन झाली होती. जवळजवळ असलेल्या दोन शाखांपैकीं एक उठविण्यांत आली होती, एवढेंच. खात्यांतील शिल्लक पै न् पै जागच्या जागीं होती. जुनें चेकबुक व जुना सांकेतिक क्रमांक मात्र निरुपयोगी झाले होते. बँकेनें तशी सूचना मोबाइलवर पाठविली होती; पण असल्या सूचना रोज दहा येतात, म्हणून त्यांनीं ती वाचली नव्हती. एका शब्दाचा अर्थ न विचारल्यामुळें एका कुटुंबानें चार दिवस अन्न गोड मानलें नाहीं.

तो शब्द म्हणजे ‘बंद’. आपण एकच शब्द वापरतों, परंतु त्याच्या पोटांत चार निरनिराळ्या अवस्था आहेत. वैद्य जसा आधीं रोगाचें नांव ठरवितो व मग औषध देतो, तद्वत् खातें कोणत्या अर्थानें बंद झालें, हें प्रथम ठरविलें पाहिजे. ह्या चार अवस्था आम्ही क्रमानें सांगतों.

पहिली अवस्था विलीनीकरणाची. सन २०१९ च्या १ एप्रिल रोजीं देना बँक व विजया बँक ह्या बँक ऑफ बडोदामध्यें मिळविण्यांत आल्या. पुढील वर्षीं त्याच तारखेस आणखी सहा सरकारी बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेंत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेंत गेली, तीं ह्यांतीलच उदाहरणें होत. अशा वेळीं खातें व शिल्लक नव्या बँकेकडे आपोआप जाते. परंतु जुने चेक कांहीं मुदतीनंतर चालेनासे होतात. सन २०२१ च्या एप्रिलपासून विलीन झालेल्या कित्येक बँकांचीं चेकबुकें अशींच रद्द झालीं. तसाच शाखेचा आय.एफ.एस.सी. हा सांकेतिक क्रमांकहि बदलतो. हा क्रमांक अकरा अक्षरांचा असतो. पहिलीं चार अक्षरें बँकेचीं, पांचवें स्थान शून्याचें व शेवटचीं सहा शाखेचीं. बँक बदलली म्हणजे पहिलीं चार अक्षरें बदलणारच, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी अवस्था निष्क्रिय खात्याची. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानें आपण होऊन कांहींच व्यवहार केला नाहीं, तर तें खातें निष्क्रिय ठरतें. हें खातें मेलेलें नसतें, झोंपलेलें असतें. ओळखीचीं व पत्त्याचीं कागदपत्रें देऊन तें पुन्हां चालू करतां येतें. रिझर्व्ह बँकेनें सन २०२४ च्या १ एप्रिलपासून लागू केलेल्या नियमांप्रमाणें ह्या कामास कांहीं आकार घ्यावयाचा नाहीं, कागद पूर्ण असल्यास तीन कामकाजाच्या दिवसांत अर्जाचा निकाल लावावयाचा, आणि निष्क्रिय खात्यांत किमान शिल्लक नाहीं म्हणून दंड आकारावयाचा नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें त्यांतील एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. सरकारी योजनांच्या लाभासाठीं किंवा शिष्यवृत्तीसाठीं उघडलेलें शून्य शिलकीचें खातें केवळ दोन वर्षें व्यवहार झाला नाहीं एवढ्या कारणानें निष्क्रिय ठरवावयाचें नाहीं. दहा वर्षें कोणी विचारलें नाहीं, तर खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदारांच्या शिक्षणाच्या व जागृतीच्या निधींत जमा होते. पण तेथेंहि मालकाचा हक्क संपत नाहीं. तो किंवा त्याचे वारस आपल्या बँकेमार्फत ती केव्हांहि मागूं शकतात. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें सन २०२३ मध्यें ‘उद्गम’ नांवाची सोय केली. ज्यांच्या आजोबांचीं जुनीं पासबुकें पेटींत पडलीं असतील, त्यांनीं ती अवश्य पाहावी.

तिसरी अवस्था खरोखर मिटलेल्या खात्याची. खातेदार स्वतः अर्ज करून खातें मिटवितो, किंवा कांहीं कारणानें बँक तें मिटविते. अशा वेळीं बँकेचें येणें वजा जातां राहिलेली शिल्लक ही खातेदाराचीच असते, व ती त्याच्या हातीं पोंचली पाहिजे. खातें आपण मिटविलें नसतां मिटलें असें कळल्यास, तें कोणत्या तारखेस व कोणत्या कारणानें मिटलें आणि शिल्लक कोठें आहे, हें तिन्ही प्रश्न लेखी विचारावे व उत्तरहि लेखी मागावें. तोंडी उत्तर वाऱ्यावर जातें.

चौथी अवस्था सर्वांत कठीण. कारण तींत खातें नव्हे, तर बँकच अडचणींत येते. आमच्या नाशिक शहरास ह्याचा अनुभव नुकताच येऊन गेला आहे. सन २०२१ च्या १० फेब्रुवारीस रिझर्व्ह बँकेनें येथील इंडिपेंडन्स को-ऑपरेटिव्ह बँकेवर सहा महिन्यांसाठीं निर्बंध घातले. बचत असो, चालू खातें असो, ठेवीदारास कोणतीहि रक्कम काढतां येईना. कांहीं अटींवर कर्जापोटीं ठेव वळती करून घेण्याची मात्र मुभा होती. निर्बंध म्हणजे परवाना रद्द झाला असें नव्हे, हें रिझर्व्ह बँकेनें त्याच वेळीं सांगितलें होतें, आणि ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांच्या ठेवी विम्यानें पूर्णपणें सुरक्षित आहेत, हेंहि जाहीर केलें होतें. पुढें बँकेची स्थिति सुधारली नाहीं, आणि सन २०२२ च्या ३ फेब्रुवारीस व्यवहार संपतांच तिचा परवाना रद्द झाला.

आतां ‘विम्यानें सुरक्षित’ म्हणजे काय, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. सन १९६० मध्यें केरळांतील पलाई सेंट्रल बँक व आपल्या विदर्भांतील अकोल्याची लक्ष्मी बँक ह्या दोन बँका कोसळल्या. ज्यांनीं मुलींच्या लग्नासाठीं, म्हातारपणासाठीं पैसे ठेविले होते, त्यांचे हाल पाहून सरकारचे डोळे उघडले. अमेरिकेंत मोठ्या मंदीच्या काळीं असंख्य बँका बुडाल्यावर सन १९३३ मध्यें ठेवींच्या विम्याचा कायदा झाला होता. तसाच कायदा आपल्या संसदेनें सन १९६१ मध्यें केला व तो १ जानेवारी १९६२ पासून अंमलांत आला. आरंभीं विम्याची मर्यादा माणशीं अवघी १,५०० रुपये होती. ती १९६८ मध्यें ५,०००, १९७० मध्यें १०,०००, १९७६ मध्यें २०,०००, १९८० मध्यें ३०,००० आणि १९९३ मध्यें १,००,००० रुपये झाली. त्यानंतर सत्तावीस वर्षें ती तेथेंच थांबली.

सन २०१९ च्या २३ सप्टेंबरास मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, व प्रथम तर ठेवीदारास फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. ही मर्यादा पायरीपायरीनें वाढत सन २०२० च्या जूनमध्यें एक लाखापर्यंत गेली; पण लोकांनीं जें सोसलें तें सोसलेंच. ह्या घटनेनंतर सन २०२० च्या ४ फेब्रुवारीपासून विम्याची मर्यादा पांच लाख रुपये करण्यांत आली. पुढें सन २०२१ च्या दुरुस्तीनें आणखी एक मोठी सोय झाली. पूर्वीं बँक दिवाळ्यांत निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. आतां निर्बंध लागल्यापासून सामान्यतः ९० दिवसांत ते मिळावे असें ठरलें. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२१ रोजीं अंमलांत आली, आणि आधींच निर्बंधाखालीं असलेल्या ज्या बँकांस तिचा लाभ मिळाला, त्यांत नाशिकची वर सांगितलेली बँकहि होती. अकोल्याच्या व मुंबईच्या ठेवीदारांनीं जें दुःख भोगलें, त्याचें फळ अशा रीतीनें नाशिकच्या ठेवीदारांच्या पदरीं पडलें.

ह्या विम्यासंबंधीं तीन गोष्टी पालकांनीं पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. पांच लाखांची मर्यादा ही प्रत्येक खात्यास नसून, एका बँकेंतील एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खातीं एकाच नांवावर उघडल्यानें ती चौपट होत नाहीं. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास कांहीं द्यावें लागत नाहीं. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, हा विमा बँकांस आहे, पतसंस्थांस नाहीं. दोन पाट्या शेजारीशेजारी असल्या व दोन्हींवर ‘सहकारी’ हा शब्द असला, तरी ह्या एका बाबतींत त्यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

येथवर खात्याचें झालें. आतां अडलेल्या पैशाचें पाहूं. अडलेला पैसा दोन प्रकारचा: आपल्याकडे यावयाचा, व आपण द्यावयाचा.

आपल्याकडे यावयाची रक्कम बंद खात्यावर पाठविली गेली, तर ती हवेंत नाहींशी होत नाहीं. एन.ई.एफ.टी. ह्या पद्धतीनें आलेली रक्कम खात्यांत जमा करतां येत नसेल, तर ती रक्कम ज्या गटांतून आली त्याची पूर्तता झाल्यापासून दोन तासांत घेणाऱ्या बँकेनें ती पाठविणाऱ्या बँकेस परत करावी, असा नियम आहे. म्हणून अशा वेळीं बंद खात्याच्या बँकेशीं भांडत न बसतां, ज्यानें रक्कम पाठविली त्यास तत्काळ कळवावें व नव्या खात्याचा तपशील सहीनिशीं द्यावा. शिष्यवृत्तीच्या बाबतींत आणखी एक मेख आहे. सरकारी लाभाची रक्कम पुष्कळदां अर्जांत लिहिलेल्या खात्यावर जात नाहीं, तर विद्यार्थ्याचा आधार क्रमांक सर्वांत शेवटीं ज्या बँकेशीं लाभासाठीं जोडला गेला असेल, त्या बँकेंत जाते. नवें खातें उघडलें पण आधारची जोडणी जुन्या, मिटलेल्या खात्याशींच राहिली, तर रक्कम वारंवार परत जाईल. नव्या बँकेंत जाऊन जोडणीचा अर्ज देणें हाच त्यास उपाय.

आपण द्यावयाच्या रकमेची गोष्ट अधिक नाजूक आहे. खातें मिटलें म्हणून देणें मिटत नाहीं. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, विजेचें बिल, शाळेची फी, जें जें त्या खात्यांतून परस्पर जात असेल, त्याची यादी करून प्रत्येकास दुसरी वाट करून द्यावी. चेक दिलेला असेल तर विशेष सावध राहावें. सन १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याचें १३८ वें कलम अपुऱ्या शिलकीमुळें परत आलेल्या चेकासंबंधीं आहे. ‘माझ्या खात्यांत पैसे कमी नव्हते, खातेंच बंद होतें,’ अशी पळवाट कांहीं लोक काढीत. सन १९९९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती बुजविली व खातें बंद करून चेक परत येऊं देणें हेंहि त्या कलमांत येतें असें ठरविलें. मात्र कायदा प्रामाणिक माणसास अवसरहि देतो. चेक परत आल्याचें कळल्यापासून घेणाऱ्यानें ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावयाची असते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केल्यास त्या कलमाखालीं खटला उभा राहत नाहीं. ह्या पंधरा दिवसांत लाजून घरांत बसणें ही सर्वांत मोठी चूक होय.

तेव्हां अशी अडचण आल्यास क्रम असा ठेवावा. प्रथम बँकेंत स्वतः जाऊन वरील चार अवस्थांपैकीं कोणती, हें विचारावें. परत आलेल्या चेकासोबतची चिठ्ठी, पासबुक व आलेले संदेश जपून ठेवावे. ज्याचें देणें आहे त्यास त्याच दिवशीं कळवावें व तारीख घालून वायदा द्यावा. बँकेचें उत्तर समाधानकारक नसेल तर लेखी तक्रार करून पोंच घ्यावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते, व त्यास फी पडत नाहीं. आणि ‘तुमचें खातें बंद होत आहे, ह्या दुव्यावर बोट ठेवा,’ असा संदेश आल्यास बोट ठेवूं नये. गुप्त अंक कोणासहि सांगूं नये. फसगत झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

विद्यार्थ्यांनो, ह्या सुटींत तुम्हीं एक काम करावें. घरांतील वडील मंडळींजवळ बसून एका कागदावर खातीं कोणत्या बँकेंत आहेत, शेवटचा व्यवहार केव्हां झाला, नामनिर्देशन कोणाचें आहे, आणि कोणकोणते हप्ते त्यांतून जातात, एवढें लिहून काढावें. सन २०२५ च्या नोव्हेंबरापासून एका खात्यास चार जणांपर्यंत नांवें देतां येतात, हेंहि त्यांस सांगावें. अंक व गुप्त शब्द मात्र त्या कागदावर लिहूं नयेत. इतिहासांत तुम्ही राज्यांचे खजिने वाचतां; आपल्या घरच्या खजिन्याची एक ओळहि ठाऊक नसणें हें बरें नव्हे.

त्या गृहस्थांनीं पुढें काय केलें, हें सांगून लेख पुरा करतों. नव्या चेकबुकाचा पहिलाच चेक त्यांनीं शाळेच्या फीचा लिहिला. उशिराचा आकार घेऊं नये असें आमच्या मुख्याध्यापकांनीं आधींच सांगितलें होतें. तरी त्यांनीं चेक परत आल्याबद्दल शाळेस बसलेला खर्च विचारून घेतला व तेवढे रुपये मोजून टेबलावर ठेविले. शिष्यवृत्तीची रक्कम दोन महिन्यांनीं नव्या क्रमांकावर जमा झाली. मुलगी मात्र त्यासाठीं थांबली नाहीं. आम्ही बँकेंतून परतलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं, हजेरी घेतांना, तिचा ‘उपस्थित’ हा शब्द आमच्या कानीं आला. ज्या पालकांच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांनीं आम्हांस लवकर कळवावें, एवढीच विनंति. चेक परत आला तर दुसरा लिहितां येतो. मुलाचे गेलेले चार दिवस कोणत्याहि बँकेंत परत मिळत नाहींत.